श्रॉपशरला जाताना आधी वार ठरवा

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या हद्दीला चिकटून श्रॉपशर ही काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. सेव्हर्न नदीच्या वेटोळ्यात वसलेलं श्रूझबरी हे मुख्य गाव, दक्षिणेला डोंगर, पूर्वेला आयर्नब्रिज इथे जगातला पहिला मोठा लोखंडी पूल, आणि मध्ये मेंढ्यांची कुरणं, लाकडी सांगाड्याची घरं, पडके मठ. अंतरं फार नाहीत. श्रूझबरी ते लडलो हा सगळ्यात उपयोगी टप्पा पंचेचाळीस किलोमीटरच्या आतबाहेर आहे. तरीही इथे येणाऱ्यांचे दिवस वाया जातात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा वेळापत्रक असतं. रविवारी बस नाही, सोमवारी काही ठिकाणी बाजार बंद, नोव्हेंबरात वाड्याला कुलूप, दुपारी अडीचनंतर जेवण नाही. म्हणून इथला बेत आखताना आधी वार आणि महिना ठरवावा, मग ठिकाणं त्यात बसवावीत.

मे ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. जूनच्या शेवटी साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळी सहाला चहा पिऊनही डोंगरावर फेरी होते. ऑगस्टमध्ये डोंगरमाथे हेदर नावाचं झुडूप फुलल्याने जांभळे दिसतात. एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत जंगलात ब्लूबेलचे निळे गालिचे असतात. डिसेंबरात मात्र चारच्या आत सूर्य मावळतो. हिवाळ्यात बरीच ऐतिहासिक ठिकाणं फक्त शनिवार-रविवारी उघडतात, काही पूर्ण बंद राहतात.

पोहोचायचं कसं

जवळचे मोठे विमानतळ दोन, बर्मिंगहॅम आणि मँचेस्टर. लंडनला उतरायचं दुसरं काही कारण नसेल तर दुबईसारख्या ठिकाणी विमान बदलून थेट बर्मिंगहॅमला उतरणं सोयीचं. तिथल्या टर्मिनलमधून छोटी फुकट ट्रेन बर्मिंगहॅम इंटरनॅशनल या रेल्वे स्थानकावर सोडते, आणि तिथून श्रूझबरीला थेट गाडी मिळते. प्रवास सव्वा तासाच्या आसपास. मँचेस्टर पिकॅडिलीहूनही श्रूझबरीला थेट गाड्या आहेत, त्यांना जेमतेम तेवढाच वेळ लागतो.

लंडनच्या यूस्टन स्थानकावरून पूर्वी श्रूझबरीची थेट गाडी होती, ती जून २०२४मध्ये बंद झाली. जुन्या प्रवासवर्णनांत ती अजून सापडते. आता बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन किंवा क्रू इथे गाडी बदलावी लागते. एकूण अडीच ते तीन तास धरा. तिकीट यूस्टन ते श्रूझबरी असं सलग घ्या. अॅडव्हान्स प्रकारचं स्वस्त तिकीट ठरावीक गाडीचंच असतं, पण पहिली गाडी उशिरा पोहोचून दुसरी चुकली, तर सलग तिकिटावर पुढच्या गाडीत बसू देतात. विमानाला उशीर झाला तर मात्र ही सवलत नाही. म्हणून विमानातून उतरण्याच्या दिवसासाठी अॅडव्हान्स घेऊ नका, कोणत्याही गाडीला चालणारं ऑफ-पीक घ्या. सकाळची गर्दीची वेळ टाळली की ते चालतं.

दोन मोठी माणसं आणि मुलं असतील तर फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्डचा हिशोब करून पाहा. मोठ्यांना एक तृतीयांश आणि पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना साठ टक्के सूट मिळते. पाचच्या आतल्या मुलांना तिकीटच नाही. लंडनहून जाऊन-येऊन आणि मधल्या दोन-तीन फेऱ्या असल्या की कार्डाचे पैसे सहसा वसूल होतात.

स्थानकावर नावाचा गोंधळ होऊ देऊ नका. गावाचं नाव कोणी ‘श्रूझबरी’ म्हणतं, कोणी ‘श्रोझबरी’. दोन्ही उच्चार एकाच गावाचे, आणि गावकऱ्यांचाही त्यावर एकोपा नाही.

मुक्काम श्रूझबरीत, फिरणं रेल्वेच्या कण्यावर

श्रूझबरीहून एक रेल्वेमार्ग सरळ दक्षिणेला जातो. त्यावर चर्च स्ट्रेटन साधारण पंधरा मिनिटांवर, क्रेव्हन आर्म्स पंचवीस आणि लडलो अर्ध्या तासावर. श्रॉपशरचं निम्मं वैभव या तीन स्थानकांपासून पायी अंतरावर आहे. म्हणून गाडी न चालवणाऱ्यांनी खेड्यातल्या देखण्या कॉटेजच्या मोहात पडू नये. मुक्काम श्रूझबरीत किंवा लडलोत, स्थानकाजवळ करावा. खेड्यातलं कॉटेज फोटोत सुंदर दिसतं, पण दूध आणायला पाच किलोमीटर, आणि दिवसाला दोन बस, अशी गत असते.

लडलोला गाड्या भरपूर आहेत. चर्च स्ट्रेटन आणि क्रेव्हन आर्म्सला प्रत्येक गाडी थांबत नाही. तासा-दोन तासांचं अंतर पडतं. सकाळी निघतानाच परतीच्या दोन वेळा लिहून ठेवा, हवी ती आणि तिच्यानंतरची. रविवारी गाड्या उशिरा सुरू होतात, आणि रुळांची कामंही बहुधा रविवारीच काढतात. मग गाडीऐवजी स्थानकाबाहेरून बस सुटते आणि वेळ दुप्पट लागतो. आदल्या रात्री नॅशनल रेलच्या अॅपवर तपासून झोपावं.

क्रेव्हन आर्म्सपासून वेल्समधल्या स्वान्सीकडे एक जुना एकेरी मार्ग फुटतो. दिवसाला मोजक्याच गाड्या, पण निसर्ग अप्रतिम. त्यावरची ब्रूम, हॉप्टन हीथ, बकनेल ही स्थानकं ‘विनंती थांबे’ आहेत. चढायचं असेल तर फलाटावर दिसेल असं उभं राहून ड्रायव्हरला हात करायचा. उतरायचं असेल तर गाडीत बसताक्षणी गार्डला सांगून ठेवायचं. हात केला नाही तर गाडी थांबत नाही.

श्रूझबरी आणि विजयदुर्ग

गाव तिन्ही बाजूंनी सेव्हर्नने वेढलेलं आहे. आत शिरायचे दोन जुने पूल: पूर्वेचा इंग्लिश ब्रिज, पश्चिमेचा वेल्श ब्रिज. गल्ल्या इतक्या अरुंद की गाडीचा काही उपयोग नाही. कारने येणाऱ्यांनी हार्लेस्कॉट, ओक्सन किंवा मील ब्रेस यांपैकी एका पार्क अँड राइड तळावर गाडी लावून बसने आत यावं. नदीकाठचा फ्रँकवेलचा वाहनतळ सोयीचा आहे, पण सेव्हर्नला पूर आला की पाण्याखाली जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाऊस झाला असेल तर पुराची सूचना पाहिल्याशिवाय तिथे रात्रभर गाडी ठेवू नका. पावसाचं पाणी वेल्सच्या डोंगरातून येतं, त्यामुळे गावात ऊन असतानाही नदी चढते.

दोन घरांमधून काढलेल्या बोळांना इथे ‘शट’ म्हणतात. त्यातून चालत गावाचा जुना नकाशा कळतो. चार्ल्स डार्विन १८०९मध्ये याच गावात जन्मला. तो ज्या शाळेत शिकला तिथे आता ग्रंथालय आहे आणि दाराशी त्याचा बसलेला पुतळा. उत्तरेला पंचवीस मिनिटं चालत गेलं की १७९७ची फ्लॅक्समिल लागते. लोखंडी सांगाड्यावर उभी राहिलेली ही जगातली पहिली इमारत. आजच्या उंच इमारतींचं मूळ शोधायचं तर ते इथे.

मराठी माणसाने थांबून पाहावं असं मात्र गावाच्या मध्यावरच्या चौकात आहे. तिथे रॉबर्ट क्लाइव्हचा १८६०मध्ये बसवलेला पुतळा उभा आहे. तो याच काउंटीचा, मार्केट ड्रेटनजवळ जन्मलेला. पुढे श्रूझबरीचा महापौर आणि खासदार झाला. प्लासीच्या आधी, फेब्रुवारी १७५६मध्ये, अॅडमिरल वॉटसनच्या आरमारासोबत येऊन याच क्लाइव्हने तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला. इंग्रजांच्या कागदांत त्याचं नाव घेरिया. आंग्र्यांचं आरमार त्या लढाईत जळालं, आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने उभी होती. हे माहीत असलं की त्या चौकातली दहा मिनिटं वेगळी जातात. हाच धागा पुढे न्यायचा असेल तर श्रूझबरीहून वीसेक मिनिटांवर, वेल्समध्ये, वेल्शपूल स्थानक आहे. तिथून दीड-दोन किलोमीटर चालत पॉविस कासल. क्लाइव्हच्या घराण्याने हिंदुस्थानातून नेलेल्या वस्तू तिथे ठेवल्या आहेत, टिपू सुलतानाचा छापील कापडाचा तंबू त्यातच. तंबू नाजूक असल्यामुळे तो मांडलेला आहे का, हे आधी विचारून जा.

लडलो आणि स्टोकसे एका दिवसात

हा दिवस सोमवार, बुधवार, शुक्रवार किंवा शनिवार असा निवडा, कारण लडलोच्या किल्ल्यासमोरचा बाजार या वारांना भरतो. स्थानकापासून सात-आठ मिनिटांचा चढ. किल्ला अकराव्या शतकात नॉर्मनांनी वेल्सवर नजर ठेवायला बांधला आणि पुढे इथूनच वेल्सचा कारभार चाले. आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर १५०२मध्ये इथेच वारला. तो जगता तर इंग्लंडचा पुढचा इतिहास वेगळा असता. सेंट लॉरेन्स चर्चच्या मनोऱ्याला दोनशे पायऱ्या आहेत. गोल जिना इतका अरुंद आहे की पाठीवरची मोठी पिशवी खाली ठेवूनच चढावं.

दुपारी परतीच्या गाडीने क्रेव्हन आर्म्सला उतरा. ए-४९ रस्त्याच्या पदपथाने दक्षिणेकडे वीसेक मिनिटं चाललं की स्टोकसे कासल. नाव किल्ल्याचं, पण ही आहे तटबंदीची गढी. लडलोच्या लॉरेन्स नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने ती तेराव्या शतकाच्या शेवटी बांधली आणि तिच्यात पुढे फारच थोडे बदल झाले. मोठ्या दालनाचं लाकडी आढं नक्की पाहा. सगळ्या काउंटीत एकच वास्तू पाहायला वेळ असेल, तर आयर्नब्रिजच्याही आधी ही पाहावी. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या वेळेआधी थांबतो, म्हणून तीनच्या आत पोहोचा.

स्टोकसे, मच वेनलॉकचा मठ, रॉक्सेटरचे रोमन अवशेष आणि बॉस्कोबेल हाऊस ही सगळी इंग्लिश हेरिटेज या संस्थेकडे आहेत. परदेशी पाहुण्यांसाठी त्यांचा ९ किंवा १६ दिवसांचा पास मिळतो. यातली तीन-चार ठिकाणं होणार असतील तर तोच घ्या. नॅशनल ट्रस्ट ही वेगळी संस्था. अॅटिंगहॅम पार्क आणि पॉविस तिच्याकडे आहेत, आणि एकीचा पास दुसरीकडे चालत नाही. तिकिटाच्या खिडकीवर सर्वांत जास्त गोंधळ याचाच होतो.

लाँग मिंडवर चालणं

चर्च स्ट्रेटनला उतरलं की समोरच लाँग मिंड हा डोंगर. कार्डिंग मिल व्हॅली ही दरी स्थानकापासून वीस-पंचवीस मिनिटांवर. तिथून मॉट्स रोड या जुन्या वाटेने माथ्यावर आणि मग पोल बँक या ५१६ मीटरच्या सर्वोच्च जागी जाता येतं. स्थानकापासून जाऊन-येऊन दहा-अकरा किलोमीटर, चढ सव्वातीनशे मीटरच्या आसपास. मुलं असतील तर चार-साडेचार तास धरा. सिंहगड चढणाऱ्याला हा चढ निम्माच वाटेल.

त्रास चढाचा नाही, माथ्याचा आहे. वर सड्यासारखं मैलोगणती पठार, झाड नाही, आडोसा नाही, आणि धुकं उतरलं की चारही दिशा सारख्या. जानेवारी १८६५मध्ये एक पाद्री रविवारच्या प्रार्थनेसाठी हे पठार ओलांडताना बर्फात वाट चुकला आणि रात्रभर भटकत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी खाली उतरला तेव्हा डोळ्यांना दिसेनासं झालं होतं. वर्षानुवर्षं हाच डोंगर ओलांडणारा माणूस तो. म्हणून कागदी नकाशा घ्या. ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर २१७ हा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा हा सगळा भाग दाखवतो. मोबाइलची रेंज दऱ्यांत जाते, त्यामुळे फोनमधला नकाशा आधीच उतरवून ठेवा. जुलैतही वाऱ्याला अडवणारं, पाणी न शिरणारं जाकीट हवं. छत्री तिथे उलटते. अपघात झाला तर ९९९ फिरवून आधी पोलीस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू हवं असं सांगायचं.

खाली शेतांमधून जाणाऱ्या वाटा सर्वांना खुल्या असतात. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा म्हणजे पायी, घोडा आणि सायकल. फाटक जसं असेल तसं ठेवून पुढे जायचं: लावलेलं असेल तर लावून, उघडं बांधलेलं असेल तर उघडंच. वासरं असलेल्या गाईंच्या कळपामधून जाऊ नका, कुंपणाच्या कडेने लांबून वळसा घ्या. आपल्याकडच्या गाईंची सवय असलेले लोक इथे हमखास चूक करतात. ही मांसासाठी मोकळ्यावर वाढवलेली जनावरं असतात, माणसाळलेली नसतात, आणि वासरासाठी अंगावर येतात.

उन्हाळ्यातल्या शनिवारी, रविवारी आणि सुट्टीच्या सोमवारी चर्च स्ट्रेटनहून एक शटल बस डोंगर ओलांडून स्टिपरस्टोन्स या खडकाळ डोंगराच्या बाजूला जाते. तिच्या तारखा दर वर्षी नव्याने ठरतात. त्या पाहूनच शनिवार इथे ठेवा. वर बसने जाऊन खाली चालत येणं हा आजी-आजोबांसह आलेल्या कुटुंबाला जमणारा बेत आहे.

आयर्नब्रिज, आणि तिथे जाण्यातली अडचण

इथे रेल्वे नाही. जवळचं स्थानक टेलफर्ड सेंट्रल. तिथून पादचारी पुलाने दहा-पंधरा मिनिटं चालत बस स्थानक आणि मग आयर्नब्रिजची बस, किंवा सरळ टॅक्सी. श्रूझबरीहून ९६ क्रमांकाची बस रॉक्सेटरच्या बाजूने येते, पण फेऱ्या मोजक्या आणि रविवारी नाही. इंग्लंडात बसच्या एका खेपेला २०२५पासून जास्तीत जास्त ३ पौंड पडतात आणि ही मर्यादा मार्च २०२७पर्यंत जाहीर झाली आहे. खेड्यातल्या थांब्यावर बस दिसली की हात करा. नुसतं उभं राहिलात तर ती निघून जाऊ शकते.

पूल १७७९मध्ये उभा राहिला आणि १७८१च्या नववर्षदिनी खुला झाला. तीस मीटरचा एकच गाळा, ३७८ टन बीड. बिडाचा एवढा पूल आधी कोणी बांधलाच नव्हता, त्यामुळे कारागिरांनी हाताशी असलेली सुतारी वापरली: खाचेत खुंटी, वर पाचर. पुलावरून न पाहता खाली नदीकाठच्या पायवाटेवर उतरून वर पाहा, तेव्हा हे सांधे दिसतात. पूल पाहायला तिकीट नाही. वाहनांना तो १९३४पासून बंद आहे.

संग्रहालयं खोऱ्यात विखुरलेली आहेत, आणि ती सगळी पायी होतील असं समजणं ही इथली मोठी चूक. कोलब्रुकडेलच्या लोखंड संग्रहालयात जुनी भट्टी आहे. पहिल्या अब्राहम डार्बीने १७०९मध्ये तिथे लोणारी कोळशाऐवजी दगडी कोळशापासून केलेला कोक वापरून लोखंड गाळून दाखवलं, आणि लोखंड स्वस्त झालं ते तिथून. ब्लिस्ट्स हिल हे जुन्या काळचं उभं केलेलं गाव दुसऱ्या टोकाला, चढावर आहे. त्याला एकट्यालाच चार तास द्या. तिथल्या बँकेत आजचे पैसे देऊन जुनी नाणी घेता येतात आणि दुकानांत चालतात. मुलं यात रमतात. संग्रहालयांचा कारभार नॅशनल ट्रस्टकडे द्यायचं २०२५मध्ये जाहीर झालं आहे, त्यामुळे वेळा आणि तिकिटं जाण्याच्या आठवड्यातच तपासा.

सेव्हर्नकाठच्या ब्रिजनॉर्थ या गावालाही मुख्य रेल्वे जात नाही. पण बर्मिंगहॅमहून किडरमिन्स्टरला या. त्या स्थानकाच्या शेजारूनच सेव्हर्न व्हॅलीची वाफेची गाडी सुटते आणि सोळा मैल नदीकाठाने ब्रिजनॉर्थला आणते. ती रोज धावत नाही, दिनदर्शिका पाहावी लागते. किल्ल्याचा सुरुंगाने कललेला बुरूज आणि खालच्या गावातून वरच्या गावात नेणारी १८९२ची कड्यावरची रेल्वे तिथे आहे.

गाडी घ्यायची तर

दोन दिवसांसाठीच घ्या, आणि सोमवार-मंगळवार बरे. गावातली भाड्याची कार्यालयं बहुतेक शनिवारी दुपारी बंद होतात. भारतातलं इंग्रजीत छापलेलं लायसन्स बारा महिने चालतं, गाडी डावीकडूनच चालते. आरक्षण करताना ‘ऑटोमॅटिक’ मागितलं नाही तर गिअरची मिळते. अनामत रक्कम अडकवायला चालवणाऱ्याच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. बारा वर्षांखालच्या आणि १३५ सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला वेगळं आसन सक्तीचं आहे.

वेगाचे आकडे मैलांत असतात. वस्तीत ३०, मध्ये दुभाजक नसलेल्या मोकळ्या रस्त्यावर ६०. पांढऱ्या गोलावर काळी तिरपी रेघ म्हणजे राष्ट्रीय मर्यादा लागू, पण उंच कुंपणांच्या बोळासारख्या रस्त्यावर साठने जाणं जिवावर बेतेल. तिथे पंचवीस-तीसच खरा वेग. सॅटनॅव्ह, म्हणजे गाडीतला जीपीएस, जवळचा म्हणून असे रस्ते दाखवतो. ए किंवा बी क्रमांकाचा रस्ता शक्यतो सोडू नका. एकाच गाडीपुरत्या रस्त्यावर समोरून कोणी आलं तर डावीकडच्या रुंद जागेत शिरा. ती जागा उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबून समोरच्याला शिरू द्या. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. गाडी मागे घेता येत नसेल तर या वाटांवर जाऊच नका. घोडेस्वार दिसला तर दहा मैलांच्या वेगाने, दोन मीटर अंतर सोडून पुढे जा. हॉर्न अजिबात नाही. चर्च स्ट्रेटनहून लाँग मिंडवर चढणारा बर्वे रस्ता अरुंद आहे आणि एका बाजूला उघडी दरी. बर्फात किंवा धुक्यात तो टाळा.

पंपावर आपणच भरायचं आणि मग आत जाऊन पैसे द्यायचे. पेट्रोलची नळी हिरवी, डिझेलची काळी. चुकीचं भरलं गेलं तर इंजिन सुरू न करता कंपनीला फोन करा.

खाण्याचं

पबमध्ये दुपारचं जेवण साधारण बारा ते दोन-अडीच आणि रात्रीचं सहानंतर. रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघर बंद असणं नेहमीचं आहे, त्यामुळे रविवारचं रात्रीचं जेवण शनिवारीच ठरवून ठेवा. टेबलाचा नंबर पाहून बारवर जाऊन मागवायचं.

शाकाहारी आणि गोमांस न खाणाऱ्यांनी चिप्स घेताना विचारावं. मिडलंड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मध्य भागात, काही दुकानं बटाटे गाईच्या चरबीत तळतात. तिला ‘बीफ ड्रिपिंग’ म्हणतात. ब्लिस्ट्स हिलच्या जुन्या पद्धतीच्या दुकानातही तीच वापरतात. “तेल कोणतं?” एवढाच प्रश्न पुरतो. सुपरमार्केटमध्ये ‘सूटेबल फॉर व्हेजिटेरियन्स’ ही ओळ पाहा. चीज आणि गोळ्या-जेली यांत ती नसेल तर प्राणिज घटक असू शकतो. मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी असतात, बहुधा दहा ते चार.

हे सगळं एका आठवड्यात असं बसतं: गुरुवारी श्रूझबरी, शुक्रवारी लडलो आणि स्टोकसे, शनिवारी चर्च स्ट्रेटन, रविवारी रेल्वेने पॉविस. सोमवारी सकाळी गाडी घेऊन मच वेनलॉक आणि डोंगरापलीकडचं बिशप्स कासल हे गाव, कारण सोमवारी काही संग्रहालयं बंद असतात. मंगळवारी आयर्नब्रिज, जाताना रॉक्सेटर. बुधवारी सकाळी गाडी परत करून दुपारची रेल्वे.